सामुदायिक प्रायश्चित्त-उपासना (मराठी कॅथलिक धर्मग्रामांतील)

धर्मग्रामातील भाविकांनी एकत्र जमून आपल्या पापांची कबुली देणे, देवाकडे क्षमा मागणे आणि झालेल्या दोषांची भरपाई करण्याचा निर्धार करणे, अशी कॅथलिक उपासना. प्रायश्चित्तकाळ (राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान सणापर्यंतचे उपवासाचे दिवस) आणि नाताळपूर्वीचा आगमनकाळ हे तिचे मुख्य प्रसंग. महाराष्ट्रात ती मराठीतून प्रामुख्याने वसई, मुंबई, पुणे, नाशिक या धर्मप्रांतांत चालते.

पूर्वपीठिका : आरंभीच्या शतकांत गंभीर पाप्याचे प्रायश्चित्त सर्व मंडळीसमोर होत असे. पुढे खाजगी पापनिवेदन रूढ झाले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये या संस्काराचे स्वरूप पक्के केले.

विधी : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७३ मध्ये नवी विधिसंहिता संमत झाली. तिच्यात तीन रूपे आहेत : एकट्याचा समेट, अनेकांची एकत्र उपासना, मात्र पापनिवेदन व पापक्षमा प्रत्येकाची स्वतंत्र, आणि सर्वांची एकत्र कबुली व एकत्र पापक्षमा. मराठी धर्मग्रामांत दुसरे रूप रुजले. गीत, शास्त्रवाचन, प्रवचन, मूकपणे सदसद्विवेकबुद्धीची तपासणी असा त्याचा क्रम असतो. नंतर सर्वजण विचार, शब्द, कृती आणि कर्तव्यात केलेली कसूर यांची कबुली एकसुराने म्हणतात व छातीवर हात मारतात. ही कबुली एकमेकांसमोर आणि एकमेकांच्या प्रार्थनेची याचना करत दिली जाते, हे लक्षात घेतले पाहिजे. शेजारी बसलेला माणूस येथे साक्षीदारही असतो आणि आधारही. प्रभूची प्रार्थना झाल्यावर लोक एकेक करून धर्मगुरूंकडे जातात. गर्दी मोठी असेल तर शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मगुरूंना बोलावतात. उपकारस्तुतीने समारोप होतो. धर्मगुरू उपलब्ध नसल्यास वाचन, आत्मपरीक्षण व प्रार्थना एवढीच उपासना करावी, अशीही संहितेची शिफारस आहे. तिच्यात संस्कारातील पापक्षमा नसते, पण पश्चात्ताप सखोल होण्यास ती उपकारक मानली जाते.

उपवास : या उपासनेच्या जोडीने प्रायश्चित्त म्हणून पाळायचा उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत आणि मांसवर्ज्य १४ वर्षांपुढे, असा कॅथलिक चर्चचा सार्वत्रिक नियम आहे.

मराठी वाङ्मय : या उपासनेला मराठी वाणी विसाव्या शतकात मिळाली, असा समज आढळतो, तो अपुरा आहे. मिस्सा मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, हे खरे. पण पश्चात्तापाचे सामुदायिक श्रवण-पठण मराठीत त्यापूर्वी साडेतीन शतके होते. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले व १६१९ मध्ये वारले. त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले; १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. पुराण कशासाठी, हे ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे : सासष्टीतील चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की, जुनी पुराणे सोडली, आता वाचावे काय? उत्तरादाखल स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या. पहिल्या पुराणात सृष्टी, मानवाचे पतन आणि तारणाऱ्याची प्रतीक्षा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. चर्चमध्ये जमलेल्यांना ते वाचून दाखवण्याची प्रथा होती. पतनाची कथा मंडळीने मिळून, परिचित ओवीच्या चालीत ऐकणे हेच सामूहिक आत्मपरीक्षण होते. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुवा यांचे संत पीटरवरील पुराण (गोवे, १६२९ पासून) याच परंपरेतले. गुरूला नाकारून रडलेला पीटर त्याचा नायक आहे, म्हणून पश्चात्तापाच्या दृष्टीने या ग्रंथाचा अभ्यास व्हायला हवा. क्रिस्तपुराणाच्या मोठेपणात तो झाकला गेला आहे.

उत्तर कोकणासाठी फ्रांसिस्को वाझ द गिमराइश यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर पुराण रचले व ते १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती समाजात ते उपवासकाळात गायले जाई. स्टीफन्स यांच्या भाषेची प्रौढता त्यात नाही. सामान्य घरांत मात्र ते टिकून राहिले.

पुराणपरंपरा क्षीण होण्यास १६८४ चा गोव्यातील देशी भाषांविरुद्धचा पोर्तुगीज हुकूम कितपत कारण झाला, यावर एकमत नाही. इन्क्विझिशन या धर्मन्यायासनाने (गोवे, १५६०–१८१२) लादलेली सार्वजनिक प्रायश्चित्ते शिक्षेच्या स्वरूपाची असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

वसई धर्मप्रांत : मुंबई महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वेगळा झाला, पहिले बिशप थॉमस डाबरे. येथे प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट, चौदा स्थाने. वाडी-आळीतील क्रूसाजवळ जपमाळ.

भरपाईची भक्ती : महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयापुढे जगाच्या पापांबद्दल सामुदायिक क्षमायाचना करतात. सतराव्या शतकातील संत मार्गरेट मेरी अलाकॉक यांच्यापासून ही भक्ती फैलावली. पोप अकरावे पायस यांनी १९२८ च्या परिपत्रकात तिचे विवेचन केले. केवळ स्वतःच्या नव्हे, इतरांच्या अपराधांसाठीही प्रायश्चित्त घेणे हा तिचा गाभा.

साथीचे क्रूस : १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा गावठाणांतील ख्रिस्ती रहिवाशांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे एकत्र प्रार्थना केल्या. रोगापासून रक्षण आणि पापांची क्षमा या दोन याचना तेव्हा वेगळ्या नव्हत्या. यांपैकी बऱ्याच क्रूसांपुढे आजही लोक जमतात. रस्तारुंदीकरणात काही हलवले वा पाडले गेले, ही हानी भरून येणारी नाही.

गोवे : प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. तिचे मूळ फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघात, म्हणजे संसारात राहून प्रायश्चित्ताचे व्रत पाळणाऱ्यांच्या संघात आहे. ख्रिस्ताच्या क्रूसमार्गाच्या मिरवणुकीत (सांतुस पासुस) मोतेत ही भक्तिगीते गातात.

मतभेद : एकत्र पापक्षमेचे तिसरे रूप केव्हा योग्य, याविषयी चर्चमध्ये दीर्घ चर्चा झाली. १९८३ च्या चर्चच्या कायदासंहितेने ते मृत्यूचा निकट धोका वा गंभीर गरज एवढ्यापुरते ठेवले, आणि त्यातही गंभीर पाप असलेल्याने पुढे स्वतंत्र पापनिवेदन करणे आवश्यक ठरवले. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी हे निर्बंध पुन्हा अधोरेखित केले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत रोमच्या प्रायश्चित्तविषयक न्यायासनाने, ही गंभीर गरज उद्भवू शकते असे मान्य करून, निर्णय त्या त्या बिशपांवर सोपवला.