नवरे का भरकटतात?

मंडळी, आज आपल्याला एका मूकपटाबद्दल बोलायचं आहे. पण केडगावात बसलो आहोत, तेव्हा सुरुवात देवीपासून करू. रेणुकामातेची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. नदीवर चित्ररथाला पाहून तिचं मन क्षणभर चळलं, आणि जमदग्नींच्या आज्ञेवरून परशुरामानं आईचं मस्तक उडवलं. पुढे वर मागून त्यानं तिला परत जिवंत केलं, हेही खरं. तरी बायकोची निष्ठा मनातल्या एका क्षणावर तोलली गेली. नवऱ्यांसाठी असा तराजू कुठे होता?

१९२७ साली मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीनं 'गुणसुंदरी' हा मूकपट काढला. दिग्दर्शक चंदुलाल शहा, नायिका गोहर. चित्रपटाच्या इंग्रजी नावाचा अर्थच 'नवरे का भरकटतात' असा. घरकामात बुडालेली बायको, नर्तकीकडे ओढला गेलेला नवरा. शेवटी बायकोही नटूनथटून घराबाहेर पडते, तेव्हा कुठे नवऱ्याचे डोळे उघडतात.

विवाह आणि व्यभिचार हा विषय त्याआधी दहा वर्षं, १९१७ साली, इस्तंबूललाही पडद्यावर आला होता. सेदात सिमावींच्या त्या मूकपटाचं नाव 'पेंचे', म्हणजे आपला पंजाच! शब्दसुद्धा फारसीतून आलेला, तोच.

आता 'गुणसुंदरी'चं धाडस बघा. त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात ती बंदी १९४६ला आली. व्यभिचाराचं कलम ४९७ होतं, पण त्यात दाद मागायची ती परक्या पुरुषाविरुद्ध, बाईच्या नवऱ्यानं. फसवल्या गेलेल्या बायकोला तक्रारीचा हक्कच नव्हता. ते कलम २०१८ साली रद्द झालं. अशा काळात पडद्यावर नवऱ्याच्या वागण्याची चौकशी झाली, ही साधी गोष्ट नाही.

पण तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना एक सांगत असू: उत्तर तपासण्याआधी प्रश्न तपासा. 'नवरे का भरकटतात' हे विचारलं नवऱ्याबद्दल, आणि उत्तर द्यायला उभं केलं बायकोला! बदलायचं तिनं, नटायचं तिनं, संसार सावरायचा तोही तिनंच. तिच्यावरची तलवार गेली, जबाबदारी मात्र राहिली.

आजही एखादं घर मोडलं की आपण हळूच म्हणतो, 'तिचंच लक्ष नसेल.' हे वाक्य पुढच्या वेळी ओठांवर आलं, तर निदान क्षणभर थांबू या.