कुंचारानिंग्रात
कुंचारानिंग्रात : (१५ जून १९२३ – २३ मार्च १९९९). जावा बेटावरील थोर मानवशास्त्रज्ञ व इंडोनेशियातील मानवशास्त्राचे प्रवर्तक. जन्म योग्यकार्ता येथे. इंडोनेशिया विद्यापीठातून भाषाविषयक पदवी घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात मानवशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली (१९५६) आणि १९५८ मध्ये इंडोनेशिया विद्यापीठातूनच डॉक्टरेट संपादन केली. तेथील मानवशास्त्र विभागाची उभारणी त्यांनीच केली.

मध्य जावातील दोन गावांत त्यांनी ‘गोतोंग रोयोंग’ या परस्पर साहाय्याच्या प्रथेची पाहणी केली. शेतीची कामे, घरबांधणी, सणसमारंभ व मृत्यू अशा निरनिराळ्या प्रसंगी मदतीचे व परतफेडीचे नियम वेगवेगळे असतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे राष्ट्रीय घोषणा बनलेल्या या कल्पनेचे प्रत्यक्ष ग्रामजीवनातील रूप स्पष्ट झाले.

भाषा, ज्ञान, समाजरचना, साधने व तंत्र, उपजीविका, धर्म आणि कला या सात घटकांच्या आधारे संस्कृतीचा अभ्यास करण्याची त्यांची मांडणी इंडोनेशियातील पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. झटपट यशाच्या मागे लागणारी वृत्ती विकासाला मारक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जावानीज धर्मजीवनाचे त्यांनी ‘आगामी जावी’ (स्थानिक परंपरांशी मिसळलेला इस्लाम) व ‘सांत्री’ (शास्त्रनिष्ठ) इस्लाम असे दोन प्रवाह मानले. कबुदायान जावा (१९८४) हा त्यांचा महत्त्वाचा ग्रंथ. १९९५ मध्ये त्यांना फुकुओका आशियाई संस्कृती पुरस्कार लाभला. वसाहतकाळात परकीय अभ्यासकांच्या हाती असलेले मानवशास्त्र त्यांनी स्वभाषेत रुजविले. जाकार्ता येथे त्यांचे निधन झाले.