डेन्मार्कच्या राजाची सनद, श्रीरामपूरचा कारभार

पुण्याच्या बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. तिथून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) होऊन बाहेर पडणाऱ्या पाळकाला ही पदवी देण्याचा अधिकार कुठून आला, याचा माग काढत गेले तर वाटेत पुणे विद्यापीठ लागत नाही. लागतो तो डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक आणि त्याने २३ फेब्रुवारी १८२७ रोजी दिलेली एक सनद. ती दिली बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजला. (नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे. हे हुगळीकाठचे, इंग्रज ज्याला सेरामपूर म्हणत ते. विल्यम कॅरीचे १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश इथलेच.)

श्रीरामपूरच्या छापखान्याविषयी आणि बायबलच्या भाषांतरांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. कॉलेज कोणी, कोणाच्या हुकमाने चालवले, हा प्रश्न सहसा तळटीपेत जातो. मला मात्र दोनशे वर्षांच्या या इतिहासातला सगळ्यात जिवंत भाग तोच वाटतो.

सुरुवातच मुळी परक्याच्या आश्रयाने झाली. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. १७९३ मध्ये आलेला बॅप्टिस्ट मिशनरी कॅरी म्हणूनच माल्द्याच्या बाजूला निळीच्या कारखान्यात नोकरी करत राहिला. ऑक्टोबर १७९९ मध्ये त्याचे सहकारी जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड आले ते थेट श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत उतरले. तिथला गव्हर्नर ओले बी याने त्यांना अभय दिले, आणि जानेवारी १८०० मध्ये कॅरीही तिथे राहायला गेला. नदीपलीकडे बराकपूरला इंग्रज गव्हर्नर जनरलचा बंगला, अलीकडे डेन्मार्कचे निशाण!

या मंडळींनी पहिल्याच महिन्यात घराचे नियम बांधले. घराचा कारभार दर महिन्याला पाळीपाळीने एकेकाने पाहायचा. शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून आठवड्यातली भांडणे मिटवायची. सगळ्यांची कमाई एकाच तिजोरीत टाकायची, खासगी व्यापार कोणी करायचा नाही. कॅरीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात आधी महिना ५०० आणि पुढे १,००० रुपये मिळत. मार्शमन नवराबायको शाळा चालवत, वॉर्ड छापखाना. पोटापुरते ठेवून बाकीचे सगळे सामाईक खात्यात जाई. पुढे कॉलेजचा कारभार ज्या समजुतीवर उभा राहिला ती इथली: जो राबतो आणि कमावतो, त्याच्याच हाती किल्ली.

१८१८ मध्ये कॉलेज निघाले. पौर्वात्य साहित्य आणि युरोपीय विज्ञान शिकवायचे, ख्रिस्ती आणि इतर तरुणांनाही. पहिल्या वर्षी ३७ विद्यार्थी आले, त्यात हिंदूही होते. कॅरी वनस्पतिशास्त्र शिकवी. पुढे जॉन मॅक रसायनशास्त्र शिकवू लागला आणि त्यावर त्याने बंगालीत पुस्तकही छापले. कॉलेजचा पहिला आश्रयदाता गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज, आणि पहिला गव्हर्नर श्रीरामपूरचा डॅनिश अधिकारी क्रेफ्टिंग. दोन्ही काठांची मर्जी राखलेली.

पण घरातूनच भांडण उठले. इंग्लंडमधल्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचा चिटणीस अँड्र्यू फुलर १८१५ मध्ये वारला. श्रीरामपूरच्या तिघांवर त्याचा भरवसा होता. त्याच्यामागून आलेल्या समितीला हिशेब हवा होता. श्रीरामपूरच्या जागा, इमारती, छापखाना कोणाच्या नावावर? विश्वस्त कोण? तिघांचे म्हणणे, हे आमच्या कमाईतून उभे राहिले आहे, कामासाठी आहे, आमच्या वारसांसाठी नाही. पण चालवणार आम्ही. समितीचे म्हणणे, तुम्ही आमचे पाठवलेले मिशनरी आहात. तरुण मिशनरीही म्हाताऱ्यांच्या वर्चस्वाला कंटाळले होते. त्यांनी कलकत्त्याला वेगळी चूल मांडली, आणि त्यांच्यात कॅरीचा पुतण्या युस्टेसही होता.

या वादाच्या ऐन भरात, १८२६ मध्ये, मार्शमन युरोपात गेला. कोपनहेगनला जाऊन त्याने राजाची भेट घेतली आणि सनद मिळवली. कोपनहेगन आणि कील या विद्यापीठांच्या तोडीचा पदवी देण्याचा अधिकार तिने श्रीरामपूरला दिला. त्याच १८२७ साली श्रीरामपूर आणि सोसायटी विभक्त झाले. हा निव्वळ योगायोग होता असे मला वाटत नाही. समितीच्या दाव्याला राजाच्या शिक्क्याइतके खणखणीत उत्तर दुसरे कुठले मिळणार होते?

सनदेखालचे नियम १८३३ मध्ये झाले. कारभार कौन्सिलकडे: एक मास्टर, त्याच्याबरोबर किमान दोन आणि फार तर चार सदस्य. कौन्सिलमध्ये बसणाऱ्याची ख्रिस्ताच्या देवत्वावर आणि प्रायश्चित्तावर श्रद्धा हवी. विद्यार्थ्याला मात्र जात, वर्ण, देश यांची आडकाठी नाही. तो प्रोटेस्टंट, रोमन कॅथलिक, ग्रीक किंवा आर्मेनियन मंडळीतला (चर्चमधला) असला तरी चालेल. हिंदू आणि मुसलमान तरुणही शिकू शकतील. लग्न झालेले असणे कोणत्याही पदाच्या आड येणार नाही.

हे उदार वाटते, आणि आहेच. पण त्यामागे जुना सलही होता. त्या काळी ऑक्सफर्डला प्रवेश घेताना अँग्लिकन मंडळीच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे, आणि केंब्रिजला सहीवाचून पदवी मिळत नसे. त्यामुळे बॅप्टिस्टांना दोन्हीकडची पदवी बंद होती. तिथल्या फेलोंना अविवाहित राहावे लागे. मायदेशी दार बंद झालेल्यांनी हुगळीकाठी आपले दार उघडे ठेवले. त्याआधी, १८२० मध्ये, कलकत्त्याला अँग्लिकन बिशप मिडलटनने आपल्या मंडळीसाठी बिशप्स कॉलेज काढले होते. ते ज्याच्या-त्याच्या रीतीप्रमाणे.

आता या व्यवस्थेतली खोट. विद्यार्थ्यांसाठी सगळी दारे उघडी, पण कौन्सिल पाच जणांची आणि बहुतेक एकाच घरातली. वॉर्ड १८२३ मध्ये पटकीने गेला, कॅरी १८३४ मध्ये, मार्शमन १८३७ मध्ये. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आणि त्यात मिशनचा पैसाही बुडाला. मार्शमनच्या अखेरच्या वर्षी श्रीरामपूरने सोसायटीशी पुन्हा जुळवून घेतले. उरला मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क आणि मॅक. मॅकही १८४५ मध्ये वारला. जॉन क्लार्कने वर्तमानपत्रे चालवून कॉलेजात स्वतःचा पैसा ओतला, पण एका माणसाच्या खिशावर विद्यापीठ चालत नाही. १८५६ च्या सुमाराला त्याने कॉलेज सोसायटीच्या हवाली केले. ज्यांना दूर ठेवण्यासाठी एवढी खटपट केली, किल्ली शेवटी त्यांच्याकडेच गेली.

सनद मात्र टिकली. १८४५ मध्ये डेन्मार्कने श्रीरामपूर, तरंगंबाडी आणि भारतातली इतर ठाणी साडेबारा लाख रुपयांना कंपनीला विकली. त्या तहात कॉलेजच्या सनदेला धक्का लागणार नाही असे स्वतंत्र कलम घातले गेले. पण टिकलेल्या अधिकाराचा उपयोग कोण करणार? कॉलेज १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले आणि पदवी देण्याचा हक्क असलेल्या कॉलेजची मुले दुसऱ्याच्या परीक्षेला बसू लागली. १८८३ मध्ये उच्च शिक्षणाचे वर्गही बंद झाले. मागे राहिली बंगालमधल्या बॅप्टिस्ट उपदेशकांची शाळा.

सनद पुन्हा बाहेर काढली ती जॉर्ज हॉवेल्सने. तो ओरिसातल्या कटकच्या मिशनमधून श्रीरामपूरला प्राचार्य म्हणून आला. काळही अनुकूल होता. १९१० मध्ये एडिनबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली, त्याच वर्षी बंगळूरला अनेक मंडळ्यांनी मिळून युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज काढले. भारतभरच्या सेमिनऱ्यांना एका मान्य पदवीची गरज होती, आणि ती देण्याचा कायदेशीर अधिकार श्रीरामपूरच्या कपाटात पडून होता. १९१५ मध्ये पहिल्या बी.डी. पदव्या दिल्या गेल्या. सनद मिळून ८८ वर्षे झाली होती.

पण पाच बॅप्टिस्टांच्या कौन्सिलने दिलेली पदवी मेथडिस्टाने, अँग्लिकनाने, केरळातल्या मार थोमा मंडळीने का मानावी? हॉवेल्सचे मोठेपण इथे आहे. सनदेचा अधिकार आपल्यापुरता राखून ठेवण्याऐवजी त्याने तो वाटून घेण्याची व्यवस्था घडवली. बंगालच्या कायदेमंडळाने १९१८ मध्ये सेरामपूर कॉलेज कायदा केला. कौन्सिल मोठी झाली आणि तिच्यात इतर मंडळ्यांना जागा मिळाली. अभ्यासक्रम आणि परीक्षा पाहण्यासाठी वेगळी सेनेट आली. मालकी आणि विद्या यांचे हिशेब वेगळे झाले. १८१५ नंतरच्या भांडणाला तोड निघायला शंभर वर्षे लागली.

पुढचे थोडक्यात. १९४९ मध्ये सी. ई. अब्राहाम हे पहिले भारतीय प्राचार्य झाले, आणि ते बॅप्टिस्ट नव्हते, मार थोमा मंडळीचे होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा उत्तर भारतातले बरेच बॅप्टिस्टही त्या एकत्रित मंडळीत गेले. सेनेटशी आज पन्नासाहून अधिक संस्था जोडलेल्या आहेत. त्यांत पुण्याची ती सेमिनरी आहे आणि एके काळचे प्रतिस्पर्धी बिशप्स कॉलेजही आहे. खुद्द श्रीरामपूरला कला, विज्ञान, वाणिज्य या शाखा कलकत्ता विद्यापीठाखाली आणि धर्मशास्त्र सेनेटखाली, अशी दुहेरी व्यवस्था एकाच कॉलेजात चालते.

सनद मिळवल्याचे श्रेय कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांच्या पिढीचे. त्यात शंका नाही. पण कारभार एका घरातून बाहेर काढून तिला उपयोगी केले ते हॉवेल्सने आणि १९१८ च्या कायद्याने. श्रीरामपूर म्हटले की आपण कॅरीपाशी थांबतो. संस्थेच्या कारभाराचा विचार करणाऱ्याने हॉवेल्सपर्यंत जायला हवे.