फळ्यामागचे डबे

गणिताला जात नसते, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. सात त्रिक एकवीस हे कोनला जितके खरे तितकेच खाडीपलीकडे कल्याणलाही खरे! आम्हालाही ते मान्य आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या एकविसापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखी होती काय? समोर बसलेल्यांत उद्या शिक्षक होऊ पाहणारी काही मुलेमुली आहेत, म्हणून हा प्रश्न आम्ही मुद्दाम येथे काढीत आहो.

सुभेदार रामजी सकपाळ हे नाव आपण बाबासाहेबांचे वडील म्हणून घेतो. ते स्वतः शिक्षक होते, ही गोष्ट मात्र ओझरती सांगून पुढे जातो. अध्यापनाचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले ते पुण्यास, लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये. आणि पुढे चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. लष्कराला काही समतेचा उमाळा आला होता असे नव्हे. पलटणीत लिहिणे-वाचणे-हिशेब जाणणारी माणसे हवी होती, इतकेच. पण त्या गरजेतून महार शिक्षक निर्माण झाला खरा. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबली आणि ते दारही लागले.

बाहेर काय होते? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला सांगितले, की पुण्यात महार-मांगांच्या पाच हजारांवर वस्तीला एकच शाळा आहे आणि तीत तीस मुलेसुद्धा नाहीत. अशा शाळेतून शिक्षक किती निघणार, हे त्रैराशिक ज्याने त्याने मांडून पाहावे. प्राथमिक शाळेत हिशेब शिकवावा आणि शिकवणारा कष्टकरी शेतकरीवर्गातला, तयार केलेला असावा, असाही त्यांचा आग्रह होता.

पेन्शनीनंतर रामजी सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांच्या हातची सरकारी रोकड कोणाला विटाळली नाही! पण १९०१ च्या सुमारास त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा गाडीवान मिळेना. शेवटी ठरले ते असे : भाडे दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. हा हिशेब भीमरावांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातली हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. वर्गात एकच गलका झाला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे फराळाचे डबे होते. भीमराव पोहोचण्याच्या आत मुलांनी धावत जाऊन ते डबे दूर फेकले. आम्हाला या प्रसंगात डब्यांपेक्षा फळ्याचा विचार अधिक पडतो. गणित ऐकून येत नाही. हातात खडू घ्यावा, चारचौघांत चुकावे, पुसावे आणि पुन्हा मांडावे, तेव्हा ते येते. ज्याच्या पहिल्याच पावलाला वर्ग ओरडतो, त्याने निर्धास्तपणे चुकावे तरी कसे? आणि असा मुलगा पुढे शिक्षक झाला, तर तो फळ्यापाशी कोणाला बोलावील?

अमेरिकेत १९५४ साली वंशभेदाच्या वेगळ्या शाळा न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. पुढे शाळा एकत्र करताना दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांना बाक मिळाला. फळ्यापाशी उभा असलेला आपला माणूस मात्र दिसेनासा झाला.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. न्यूयॉर्क, लंडन पाहून आल्यावर, नोव्हेंबर १९१८ मध्ये, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आता खडू त्यांच्या हाती होता. दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही परवानगी काढून त्यांचे तास ऐकायला येत. आणि प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी ते पितात, म्हणून त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.