स्मृतिभ्रंश : निदानकथन

स्मृतिभ्रंशाचे निदान रुग्णाला व कुटुंबीयांना समजावून सांगण्याची वैद्यकीय प्रक्रिया. १९६१ च्या एका अमेरिकी पाहणीत बहुसंख्य डॉक्टर कर्करोगाचे निदानही रुग्णाला सांगत नसल्याचे आढळले. १९७९ पर्यंत हे चित्र उलटले. स्मृतिभ्रंशाबाबत मात्र मौन अधिक काळ टिकले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी ५ नोव्हेंबर १९९४ रोजी स्वहस्ताक्षरातील पत्राने आपला अल्झायमरचा आजार जाहीर केला (पहा : अल्झायमर रोग). भारतात निदान अनेकदा आधी मुलांना कळते. ‘बाबांना सांगू नका’ ही विनंती तपासणीच्या खोलीबाहेर, हळू आवाजात होते. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे प्रथम त्यालाच विचारावे लागते. सांगितलेले विसरले जाते, म्हणून छोटी वाक्ये, अनेक भेटी व लेखी टिपण आवश्यक. आकलन शाबूत असताना रुग्ण मृत्युपत्र आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खालील पूर्वनिर्देश (पुढील उपचारांबाबत आगाऊ लेखी सूचना) स्वतः करू शकतो (पहा : मृत्युपत्र); उशीर झाल्यास हे निर्णय इतरांकडे जातात.