आमेनचं कूळ

चंडीगडच्या चर्चमध्ये रविवारी बसलेल्या मराठी माणसाला प्रार्थनेच्या अगदी शेवटी ठेच लागते. आपण म्हणतो 'आमेन', शेजारचा पंजाबी म्हणतो 'आमीन'. हिंदी-पंजाबी बायबलांतही तसंच छापलेलं असतं, आणि ते मशिदीतल्या 'आमीन'शी तंतोतंत जुळतं. मराठी बायबलात मात्र हिब्रूजवळचं रूप राहिलं.

रूपं दोन असली तरी मूळ एकच, 'अ-म-न': घट्ट असणं, न ढळणं. ह्याच धातूतून हिब्रूत 'एमुना' आला, म्हणजे विश्वासूपण. बायबलात तो पहिल्यांदा भेटतो तिथे देव नाही, माणसाचे दुखरे हात आहेत. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात थकतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवून दोन्ही बाजूंनी ते तोलून धरतात. सूर्यास्तापर्यंत हात 'एमुना' राहिले, असं निर्गमाचा 17 वा अध्याय सांगतो. शब्दाच्या जन्मातच दुसऱ्याचा आधार आहे, हे मला फार आवडतं.

पुढे हबक्कूक संदेष्ट्यानं लिहिलं की नीतिमान माणूस 'त्याच्या' एमुनानं जगेल. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी ते भाषांतरित केलं आणि 'त्याच्या'च्या जागी 'माझ्या' आलं. तिथे बोलणारा देव आहे, म्हणजे माणूस जगतो तो देवाच्या विश्वासूपणानं! पौलानं रोमकरांना आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रांत हे वाक्य घेतलं, तेव्हा सर्वनामच गाळून टाकलं. विश्वासूपण कुणाचं, हा प्रश्न त्यानं उघडा ठेवला. ख्रिस्ती पंडित अजून त्यावर भांडतात.

ह्याच धातूची अरबी शाखा आपल्या घरात आहे. 'ईमान' म्हणजे अरबीत धर्मश्रद्धा. मराठीत येताना धर्म गळाला आणि नेकी उरली. इमानी कुत्रा, इमानेइतबारे केलेली चाकरी, आणि अर्थात बेइमान. त्यामुळे 'एमुना'ला मराठीत सगळ्यांत जवळचा शब्द बहुधा 'इमान'च आहे. मराठी बायबलात मात्र 'विश्वास' आला, तो संस्कृतकडून. हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या केडगावात बसून ह्यावर एक संध्याकाळ वाद घालावा असं वाटतं. येशूच्या तोंडी वाक्याच्या सुरुवातीलाच येणाऱ्या 'आमेन'साठी मराठी भाषांतरकारांनी 'खचित' योजला. त्यात मला 'रत्नखचित'मधलं घट्ट बसवलेपण ऐकू येतं, म्हणून तो मात्र बिनतोड वाटतो.

अरबी 'अमानत'ही ह्याच घरातली. मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन ती 'अनामत' झाली. निवडणुकीत पुरेशी मतं पडली नाहीत की अनामत जप्त. व्यवहाराचं इमान असंच चालतं: तू चुकलास, तुझं गेलं.

स्तोत्रसंहितेतलं 89 वं स्तोत्र नेमकं ह्या व्यवहाराशी झगडतं. 'एमुना' तिथे पुन्हा पुन्हा येतो. दावीदाच्या वंशजांनी करार मोडला तर छडी बसेल, पण अनामत जप्त होणार नाही, असं देवाचं वचन त्यात आहे. पंजाबात इमामुद्दीन शाहबाझ ह्या कवीनं ह्या स्तोत्रासकट सगळी स्तोत्रं पंजाबी पद्यात आणली. ती पूर्ण करता करता त्याची दृष्टी गेली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चर्चमध्ये ती आजही 'जबूर' म्हणून ढोलकीवर गायली जातात.

पण हे स्तोत्र वचनावर थांबत नाही. पुढे कवी देवालाच जाब विचारतो: मुकुट धुळीत पडला, तटबंदी फुटली, शत्रू हसतायत, मग ते जुनं विश्वासूपण गेलं कुठं? उत्तर येत नाही. तक्रार तशीच राहते, आणि तिच्या पाठोपाठच्या स्तुतीत 'आमेन' येतो, एकदा नाही, दोनदा.