मॅनिफोल्डवरच्या रंगाची कुळकथा

मोटारीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा वाटून देणारा जो फाटे फुटलेला नळ असतो, त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो काळ्या प्लॅस्टिकचा असतो आणि रंगाचा हात न फिरताच कारखान्याबाहेर पडतो. हौशी मालक मात्र त्यावर लाल, निळा किंवा चंदेरी रंग चढवतात, आणि ही रीत प्लॅस्टिकपेक्षा जुनी आहे. बिडाच्या इंजिनाला रंग दिला जाई तो गंज रोखण्यासाठी; पुढे तोच घराण्याची खूण ठरला, इतका की १९५०च्या दशकातील फेरारीच्या ‘टेस्टा रोसा’ या शर्यतगाडीचे नावच इंजिनाच्या लाल झाकणांवरून पडले. प्लॅस्टिकला गंज चढत नाही, त्यामुळे रंगाचे मूळ प्रयोजन संपले आणि उरली ती केवळ शोभा.

गंमत अशी की रंग आणि प्लॅस्टिक या दोहोंच्या कुळात एकच अमेरिकी कंपनी सापडते. ड्यूपाँने १९२३ मध्ये नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला, झटपट वाळणारा ‘ड्युको’ हा रंग मोटारींसाठी आणला, ज्याचे नाव महाराष्ट्रातील गॅरेजवाले आणि फर्निचरवाले आजही घेतात. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखाली १९३५ मध्ये नायलॉन ६६ जन्मले. मॅनिफोल्डचे प्लॅस्टिक म्हणजे बहुधा हेच नायलॉन किंवा त्याचे भावंड नायलॉन ६, ज्यात बळकटीसाठी सुमारे तीस टक्के काचतंतू मिसळलेले असतात.

कार्बुरेटरच्या काळात मॅनिफोल्डमधून हवेबरोबर पेट्रोलचे थेंबही जात आणि त्यांची वाफ व्हावी म्हणून तो नळ तापवावा लागे, म्हणून धातूच सोयीचा होता. इंजेक्टर थेट झडपेपाशी इंधन फवारू लागल्यावर नळातून नुसती हवा वाहू लागली आणि हलक्या प्लॅस्टिकला वाट मिळाली. भारतात हा पालट उत्सर्जनाच्या नियमांनी घडवला. मारुती ८०० लाही २००० मध्ये इंजेक्शन मिळाले.

वाकड्या पोकळ नळाचा साचा करणे अवघड होते. त्यावर युरोपात काढलेला तोडगा भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मधूच्छिष्टविधान, म्हणजे मेणाचा नमुना वितळवून धातूची मूर्ती ओतण्याची कृती, वर्णिली आहे. मॅनिफोल्डसाठी मेणाच्या जागी कथील व बिस्मथ यांच्या मिश्रधातूचा गाभा आला, जो १३८ अंशांना वितळतो; त्याच्याभोवती नायलॉन ओतून मग गाभा वितळवून काढत. ही पद्धत खर्चिक होती, म्हणून पुढे दोन अर्धी कवचे घासून, घर्षणाच्या उष्णतेने, जोडण्याची रीत रूढ झाली. त्या जोडाची कड रंगवल्यावर अधिकच उठून दिसते, हे रंग देणाऱ्यांच्या सहसा नंतर लक्षात येते.

नवी मुंबईतील खारघरसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला पांडवकड्याचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे, या रंगकामाची खरी परीक्षा पावसाळा घेतो. नायलॉन हवेतला ओलावा शोषते. नायलॉन ६६ पाण्याने पूर्ण भिजले तर आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरते, काचतंतू मिसळलेले त्याहून कमी. असा दमट भाग सुकवल्याशिवाय रंगवून तापवला, तर आतली वाफ रंगाखाली फोड आणू शकते. शिवाय थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दव धरते आणि ड्युकोच्या जातीचा रंग पांढरट पडतो. कारागीर अशा दिवसांत हळू उडणारा थिनर वापरतात किंवा सरळ ऊन पडण्याची वाट पाहतात. दुसरा पर्याय अधिक भरवशाचा.

ग्राहकांचा आग्रह बहुधा ‘हीट पेंट’चा असतो आणि तो अनाठायी आहे. सिलिकोनयुक्त उष्णतारोधक रंग पक्का व्हायला साधारण दोनशे अंशांची भट्टी लागते, तर नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळते. तो रंग धुराच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, मॅनिफोल्डचा. हवेच्या नळाला, तेलकटपणा पुसून आणि बारीक पॉलिश पेपरने हलके घासून, प्लॅस्टिकचा प्रायमर व त्यावर हार्डनर मिसळलेला पॉलियुरेथेन रंग पुरतो. जोर लावून घासल्यास काचतंतू वर येतात आणि रंगातून खरखर जाणवते. गॅस्केट बसते ती कड टेपने झाकावी लागते, कारण तिथे रंगाचा थर राहिला तर फटीतून सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते आणि इंजिन मंद गतीवर अडखळू लागते.